डिस्क चांगली होती

आखाडा बाळापूरच्या बाजारात मकबूल वाइंडरचं दुकान विचारलं की कुणीही हात करून दाखवतं. विहिरीतल्या, बोअरमधल्या मोटारी जळाल्या की तिथं येतात. मकबूलभाई जळकी तार उपसून काढतात आणि नवी भरतात. दुकानामागं घर आणि घराच्या माडीवर एक खोली. त्या खोलीत त्यांची थोरली लेक उझ्मा दिवसभर लॅपटॉपपुढं बसलेली असते. ती नेमकं काय करते हे गल्लीत कुणालाच नीट ठाऊक नाही. आई अख्तरी विचारणाऱ्याला एवढंच सांगते, "कंप्यूटर का काम करती, पुने की कंपनी का."

काम तसं समजायला अवघड नव्हतं. जगात पुष्कळ लोक चांगले प्रोग्राम लिहून फुकट सोडून देतात. कुणी ग्रंथालयाचा, कुणी फोटो ठेवायचा, कुणी शब्दकोशाचा. पण असा प्रोग्राम आपल्याच कंप्युटरवर चालवायचा म्हटलं की साध्या माणसाची दमछाक होते. उझ्माची कंपनी एक प्लॅटफॉर्म चालवायची. घरातल्या नाहीतर शाळेतल्या जुन्या कंप्युटरवर तो एकदा टाकला की हवा तो प्रोग्राम एका बटणावर बसायचा. त्या बटणामागचं पॅकेज उझ्मा बांधायची. त्यासाठी तिनं स्वतःचं एक टेम्प्लेट केलं होतं, मोकळ्या जागा सोडलेला साचाच म्हणा ना. प्रोग्रामचं नाव इथं, आवृत्ती इथं, माणसांनी भरलेली माहिती कुठल्या फोल्डरात राहील ते इथं. नवा प्रोग्राम आला की जागा भरायच्या, चालवून बघायचं, झालं. दुसऱ्याला दोन दिवस लागायचे तिथं उझ्मा सकाळी बसून दुपारच्या जेवणाला मोकळी व्हायची. साठावर पॅकेजेस तिच्या नावावर होती. ती बोलून दाखवायची नाही, पण मनातून तिला त्याचा गर्व होता.

देविदास राठोड तिला भेटले ते दुकानात. सेनगावच्या पुढच्या एका बंजारा तांड्यावरचे हे निवृत्त शिक्षक. लेक बाळापूरजवळ दिलेली, म्हणून जावयाची मोटार भरायला घेऊन आले होते. मोटार होईस्तोवर बाकावर बसल्या बसल्या ते मकबूलभाईंशी बोलत होते. तांड्यावरचं लेकरू घरी गोरबोली बोलतं आणि शाळेत आलं की मराठीपुढं मुकं होतं. पहिलीतली पोरं महिना-महिना गप्प बसतात. म्हणून गोरबोलीचे शब्द जमवायचे, त्यांचा मराठी अर्थ, एकेक वाक्य आणि शब्द कुणी सांगितला त्याचं नाव, असा कोश करायचं त्यांच्या मनात होतं.

"पन मोबाईलवर न्हाई," ते म्हणाले. "तांड्यावर रेंजच न्हाई. आन् आमचे शब्द दूर कुठल्या कंपनीच्या घरात काहून ठेवायचे? शाळेत ठेवायचे. आमच्या कंप्युटरात."

मकबूलभाईंनी तार गुंडाळता गुंडाळता माडीकडं बघून हाक मारली, "उझ्मा, नीचे आ बेटा. तेरे काम की बात है."

महिन्याभरात काम उभं राहिलं. सेनगावला कंप्युटर दुरुस्तीचं दुकान असलेल्या हरिचंदनं एक जुना पण धड कंप्युटर शाळेला देऊन टाकला. उझ्मानं शब्दकोशाचा एक चांगला प्रोग्राम शोधला, आपल्या टेम्प्लेटमध्ये बसवला आणि स्वतः जाऊन शाळेत चालू करून दिला. शाळेतल्या शिक्षिका शिलाताई त्याची देखभाल बघू लागल्या. दुपारी शाळा सुटली की बाया यायच्या. देविदास सरांची म्हातारी आई चंदाबाई तर रोज. तिच्याबरोबर शकुंतलाबाई नावाची तिच्याहून म्हातारी एक बाई काठी टेकत यायची. तांड्याचे लोक बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूख पालथा घालायचे त्या काळाचे शब्द शकुंतलाबाईच्या आजीकडून तिच्याकडं आले होते. गोणी कशी शिवायची, कुठला दोर कुठं जायचा, पुढच्या बैलाच्या कपाळावर काय बांधायचं, प्रत्येकाला वेगळं नाव. बाया सांगायच्या, शिलाताई टाईप करायच्या. पहिलीतली पोरं पडद्यावर 'याडी' शब्द बघून ओरडायची आणि त्याच्यापुढचा 'आई' आपोआप वाचायची. दोन वर्षांत तीन हजार आठशे शब्द झाले. दर रविवारी कंप्युटर आपोआप बॅकअप घ्यायचा. दिवाळीच्या सुमाराला शकुंतलाबाई वारली, तेव्हा देविदास सर म्हणाले होते, "बाई गेली, पन बोलनं ठिऊन गेली."

जानेवारीच्या सुरुवातीला प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. उझ्मा ती टाकायला तांड्यावर गेली. शाळेच्या खोलीत ऊन आलं होतं, शिलाताई मागं चहा टाकत होत्या. उझ्मानं बटण दाबलं, पट्टी भरत गेली, पडदा उघडला.

पडद्यावर एक कोरी चौकट होती. 'स्वागत. पहिल्या वापरकर्त्याचं नाव लिहा.'

उझ्माला आधी वाटलं पान चुकलं. तिनं पुन्हा उघडलं. मग बॅकअप उघडून बघितला. तिथं शंभरेक फायली ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीवर रविवारची तारीख, आणि एकूण एक रिकाम्या. तिनं पॅकेज उघडलं. माहितीच्या फोल्डरची ओळ. त्या जागी आधीच्या कुठल्या तरी प्रोग्रामचा फोल्डर तसाच राहिला होता. हा प्रोग्राम आपली माहिती दुसरीकडंच ठेवायचा. म्हणजे दोन वर्षं बायांचे शब्द पॅकेजच्या पोटातच साठत होते, आणि अपडेट म्हणजे जुनं पॅकेज पुसून नवं ठेवणं. बॅकअप निघत होता तो ज्या फोल्डरात कधी कुणी पाऊल ठेवलं नाही त्याचा. ही जागा तिनंच भरायची होती, ती भरली नव्हती. चालवून बघितलं तेव्हा प्रोग्राम चालला, म्हणून पुढं गेली होती.

शिलाताई चहाचे कप घेऊन आल्या. "काय झालं मॅडम? चेहरा काहून उतरला?"

उझ्मानं तोंड उघडलं तेव्हा खरं सांगायचं की नाही याचा विचारही तिनं केला नव्हता. तोंडातून आपसूक आलं, "डिस्क गेलेली दिसते, ताई."

"म्हंजी?"

"जुनी डिस्क होती. खराब झाली. सगळं गेलं."

शिलाताईंनी कप खाली ठेवले आणि तोंडावर पदर धरला. त्या रडतील असं उझ्माला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं माडीवर बसून ती ओळ दुरुस्त केली. टेम्प्लेटही दुरुस्त केलं. बदलाची नोंद लिहावी लागते, तिथं तिनं लिहिलं, 'किरकोळ सुधारणा.' मग पुढचे दोन रविवार ती तांड्यावर गेली, जणू काही वाचवायला. हरिचंदनं तोवर जुनी डिस्क काढून नवी घालून दिली होती. उझ्मा त्या नव्या डिस्कपुढं तास-तास बसायची, उगीच इकडचं तिकडं उघडायची. त्यातून काही निघणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाया दारात उभ्या राहून बघायच्या. एकीनं तिला बाटी आणि लाल चटणी आणून दिली. बाई समोर उभी होती, म्हणून तिनं ते खाल्लं.

सव्वीस जानेवारीला शिलाताईंचा फोन आला, झेंड्याला याच म्हणून. तिथं काय आहे हे माहीत असतं तर ती गेली नसती. झेंडावंदन झालं, पोरांची कवायत झाली आणि देविदास सर माईक घेऊन उभे राहिले.

"आपले शब्द गेले," ते म्हणाले. "मशीनचा काय भरवसा! पन बाळापूरची ही पोरगी, आपली न गोतातली न गावातली, दोन-दोन गाड्या बदलून येऊन राहिली. का, तर म्हातारीचे शब्द वाचावेत म्हणून. आन् आपल्या तालुक्यातला मानूस बघा. दान म्हणून सडकी डिस्क देतो! असं दान देण्यापरीस देऊ नये."

लोक हसले. कुणीतरी हरिचंदचं नाव घेऊन मागून काही बोललं, पुन्हा हशा झाला. सरांनी उझ्माच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. चंदाबाईनं पुढं येऊन तिच्या कानशिलांवरून बोटं मोडली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. उझ्मा पायाच्या अंगठ्याकडं बघत उभी होती. हरिचंदचं नाव यात कुठून आलं? आणि लगेच तिला कळलं की कुठून आलं. तिनंच आणलं होतं. डिस्क म्हटलं की ती कुणी दिली हे ओघानं आलंच. हे तिला तीन आठवड्यांत एकदाही सुचलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं शाल पिशवीतून काढलीच नाही. अख्तरीनं ती काढली, झटकली, शेजारणीला दाखवायला घेऊन निघाली.

"अम्मी, रख दो वो," उझ्मा ओरडली.

मकबूलभाई हात धूत होते. त्यांनी वळून बघितलं. "क्या हुआ?"

तिनं सांगितलं. दुकानातल्या खुर्चीवर बसून, मान खाली घालून, ओळीपासून शालीपर्यंत. मकबूलभाईंना फोल्डरबिल्डर काही कळलं नाही, पण बाकीचं कळलं. त्यांनी हात पुसले.

"हरिचंद को मैं पहचानता," ते म्हणाले. "सीधा आदमी है." मग टॉवेल खुंटीला लावत, "मैं साथ आऊं?"

"नहीं अब्बा."

"ठीक है. मगर कल ही जा. परसों नहीं."

हरिचंदचं दुकान सेनगावच्या स्टँडजवळ होतं. पन्नाशीचा माणूस, नाकावर चष्मा, हातात स्क्रू-ड्रायव्हर. त्यानं तिला ओळखलं आणि स्टूल पुढं सरकवलं. उझ्मा बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "काका, ती डिस्क खराब नव्हती. चूक माझी होती. मी खोटं बोलले."

हरिचंदनं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "मला ठाऊक हाय," तो म्हणाला. "मी तपासली ना. डिस्क चांगली होती. एक डाग न्हाई तिच्यावर."

"मग तुमी सरांना सांगितलं काहून न्हाई?"

"सर लई तापले होते. दुकानात येऊन चार गिऱ्हाइकांपुढं बोलले. मी म्हणलं, आता डिस्क चांगली हाय म्हणावं तर मग बोट तुझ्याकडं जातंय. पोरगी मानूस, दुरून येऊन फुकट काम करती. तिच्याकडून चुकलं आसंल, सांगंल ती आपसूक. दोन-चार दिवसांत सांगंल." त्यानं चष्मा काढून पुसला. "तुला तीन आठवडे लागले."

उझ्माला बसावंसं वाटलं, पण त्या स्टुलावर बसायची तिची हिंमत झाली नाही. आणि तेवढ्यात तिच्या डोक्यात लख्खकन काहीतरी झालं. पुसलेली माहिती डिस्कवरून लगेच जात नाही. तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती तिथंच पडून असते. जाणकार माणूस ती पुष्कळशी उचलून काढू शकतो. शाळेतल्या कंप्युटरवर अपडेटनंतर कुणी काही लिहिलंच नव्हतं. आपण खोटं सावरायच्या नादात होतो, म्हणून हे सुचलंच नाही.

"काका, ती जुनी डिस्क कुठं हाय?"

"ती? चांगली होती म्हणून वापरली की. आडतीवर कॅमेरे बसवले, त्याच्या मशीनला घातली. दोन हप्ते झाले."

कॅमेऱ्याचं मशीन रात्रंदिवस लिहीत असतं. डिस्क भरली की पुन्हा पहिल्यापासून लिहितं. दोन आठवड्यांत ती डिस्क वजनकाट्याच्या आणि पोत्यांच्या चित्रांनी कितीदा भरून निघाली असेल कोण जाणे. त्या दिवशी शाळेत ती नुसतं 'माझं चुकलं' म्हणाली असती, तर डिस्क कुणी बदलली नसती, तपासली नसती, आडतीवर नेली नसती. चुकीनं शब्द पुसले होते. ते कायमचे गेले तिच्या खोट्यानं.

हे तिनं हरिचंदला सांगितलं. शटर अर्धं ओढून त्यानं गाडी काढली. "चल, तांड्यावर सोडतो. आत मी येणार न्हाई. सरांचा गैरसमज मी काढायला गेलो तर ते बरं दिसनार न्हाई."

देविदास सर अंगणात बाजेवर बसून पेपर वाचत होते. चंदाबाई तुरीच्या शेंगा सोलत होती. उझ्मानं शाल आणि नारळ बाजेच्या कडेला ठेवला आणि सगळं सांगितलं. डिस्कचं शेवटी उरलं. तेवढं गाळलं असतं तर कुणाला कळलं नसतं. हरिचंदही आपण होऊन बोलला नसता. तिनं तेही सांगितलं.

सरांनी पेपराची घडी केली.

"म्हंजी पहिल्याच दिवशी सांगितलं आसतं तर?"

"बरंच वाचलं असतं, सर."

"शकुंतलाबाईचं?"

"बहुतेक तेही."

ते उठले. उझ्माला वाटलं आता शिव्या देतील. ती त्याला तयार होती, किंबहुना वाट बघत होती. पण ते घरात गेले, सदरा घालून बाहेर आले आणि चपला पायात सरकवल्या.

"मी त्या मानसाला काय काय बोललो," ते म्हणाले, ते तिला उद्देशून नव्हतंच. "झेंड्याखाली उभा राहून बोललो." आणि तिच्याकडं न बघता सडकेकडं चालू लागले. हरिचंद गाडी लावून तिथंच थांबला असेल हे त्यांना ठाऊक नव्हतं. वळणावर तो दिसला तेव्हा सर जागीच उभे राहिले. मग पुढं झाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी हरिचंदचा हात धरला. अंगणातून ते सगळं दिसत होतं. ऐकू काही येत नव्हतं.

चंदाबाई शेंगा सोलत होती. "माझे शब्द माझ्या तोंडात हायेत," ती म्हणाली. "पुन्यांदा सांगन. पन तिचे मी कुठून सांगू?"

त्या आठवड्यात तिनं कंपनीला आणि प्लॅटफॉर्म वापरणाऱ्या सगळ्यांना उघड लिहिलं. 'किरकोळ सुधारणा' ही नोंद खोटी होती. टेम्प्लेटमध्ये माहितीच्या फोल्डरची जागा चुकीची राहिली तरी ते गप्प राहत होतं. त्याच टेम्प्लेटवरच्या आणखी चार पॅकेजांत हीच चूक आहे. अपडेट करण्याआधी माहिती बाहेर काढून घ्या, ती अशी. एकानं अतिशय वाईट शब्दांत उत्तर दिलं. त्याच्या बहिणीच्या मुलांचे फोटो आधीच गेले होते. उझ्मानं ते उत्तर दोनदा वाचलं आणि माफी मागितली. टेम्प्लेट तिनं असं बदललं की ती जागा तपासल्याशिवाय पॅकेज तयारच होऊ नये: आधी एक नोंद भरायची, पॅकेज पुसून पुन्हा बसवायचं, नोंद टिकली तरच पुढं जायचं. कंपनीतल्या कुणीतरी 'छान कल्पना' म्हणून लिहिलं. तिला ते वाचवेना.

देविदास सर पुढचे दोन महिने तिच्याशी बोलले नाहीत. फोन केला तर उचलायचे नाहीत. होळी झाल्यावर शिलाताईंचाच निरोप आला, "सर म्हनतात, कोश पुन्हा सुरू करायचा हाय. तुमी या. पन सर काही बोलले तर मनाला लावून घेऊ नका."

सर काहीच बोलले नाहीत. त्यांनी एक जाड वही तिच्यापुढं ठेवली. आधी वहीत लिहायचं, मग कंप्युटरात. उझ्मा दर रविवारी यायची, खाली सतरंजीवर बसून लिहायची. बाया सांगायच्या. पण एकदा मोकळेपणानं सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगताना त्यांची चव गेली होती. 'हे सांगितलं होतं ना गं?' असं एकमेकींना विचारायच्या आणि उझ्माची मान खाली जायची. कुणी तिला टोचून बोललं नाही. बाटी आणून देणारी बाई मात्र पुन्हा काही घेऊन आली नाही. पावसाळ्याअखेर दोन हजार नऊशे शब्द झाले.

शकुंतलाबाईचे अर्थ पुष्कळ जणींना आठवत होते, शब्द आठवत नव्हते. 'पुढच्या बैलाच्या कपाळावरची कवड्यांची पट्टी', तिला ती काय म्हणायची? 'पाऊस आला की गोणीवर टाकायचं कातडं', त्याला? अशा एक्केचाळीस वस्तू निघाल्या. शिलाताई म्हणाल्या, सोडून देऊ. सर म्हणाले, "न्हाई. अर्थ लिहा. शब्दाची जागा मोकळी ठेवा."

"आन् टिपेत काय लिहायचं, सर? काहून मोकळी हाय ते?" शिलाताईंनी विचारलं.

उझ्मानं कीबोर्ड स्वतःकडं ओढून लिहिलं, 'हा शब्द शकुंतलाबाईंनी सांगितला होता. माझ्या चुकीनं आणि खोटेपणानं गेला. उझ्मा मकबूल शेख, आखाडा बाळापूर.'

सरांनी चष्मा लावून वाचलं. "लेकरं वाचतील हे," ते म्हणाले. दोन महिन्यांच्या अबोल्यानंतर, आणि मग सहा महिन्यांच्या कामापुरत्या बोलण्यानंतर, हे पहिलं वाक्य त्यांनी सरळ तिच्याकडं बघून म्हटलं होतं.

"वाचू द्या, सर."

"नाव काढलं तरी चालंल."

तिनं मान हलवली. सर शिलाताईंना म्हणाले, "बाकीच्या चाळीस जागांवर बी हेच टाका," आणि वही मिटून बाहेर गेले. उझ्मानं पुढची नोंद उघडली.